पिकअपलाही वारसा म्हणा

न्हावऱ्याहून चौफुल्याकडे निघालं की दोन्ही अंगांना ऊस लागतो, मधेच गुऱ्हाळाचा धूर दिसतो आणि एखाद्या वस्तीवर बाभळीखाली चाकं काढून ठेवलेली टाटा २०७ हमखास उभी असते. हौद्यात सरपण रचलेलं, टपावर कोंबड्या. चौकशी केली तर घरचं माणूस आधी सांगतं, ‘हिच्या जिवावर पोरींची लग्नं झाली.’ आणि लगेच पुढे, ‘भंगारवाला उद्या येतो म्हणालाय.’ अशा गाड्या हुडकून पुन्हा रस्त्यावर आणायच्या, हा माझा छंद. तो का करावा आणि कसा करावा, हे आज सांगतो.

टाटांच्या टेल्कोनं ४०७ काढली १९८६ साली आणि १९८८ मध्ये टाटामोबाइल ही छोटी पिकअप. आमची २०७ त्याच घराण्यातली. ४०७ आणि टाटामोबाइल, दोन्हींचं घर आपल्याच पुणे जिल्ह्यातलं, पिंपरी. शेतकऱ्याला ट्रक परवडत नव्हता, बैलगाडी पुरत नव्हती, त्या काळात ही पिकअप हाताशी आली. शिरूरचा कांदा तिनं मार्केट यार्डात पोचवला, दौंडच्या गुळाच्या ढेपा आणि दुधाचे कॅन वाहिले, वऱ्हाडं नेली. १९९१ ची सिएरा आणि १९९२ ची इस्टेट याच पायावर उभ्या राहिल्या. शहरात मिरवलेली सिएरा आणि आमच्याकडे कांदा ओढणारी पिकअप या एकाच घरच्या लेकी, पण कौतुक झालं ते एकीचंच. पुढे २००५ मध्ये टाटा एस आली, बोलेरो पिकअपनं जम बसवला आणि जुन्या गाड्या बाभळीखाली गेल्या.

जुनी गाडी हाती घेतली की आधी रंगाचा विचार डोक्यातून काढायचा. हौदा उतरवायचा आणि चासीखाली शिरायचं. आमच्या भागातल्या गाड्यांचा खरा शत्रू खत. युरियाच्या फाटक्या गोणीतून सांडलेलं खत पाण्यात विरघळून सांध्यांत उतरतं आणि वर्षानुवर्षं पत्रा खातं. वरून रंग धड दिसतो, आतून पापुद्रे सुटलेले असतात. म्हणून छोटी हातोडी घेऊन चासी इंचाइंचानं ठोकत जायचं. चांगलं लोखंड खणखणतं, कुजलेलं बद्द वाजतं. बद्द वाजलेला भाग कापून तिथं त्याच जाडीचा पत्रा वेल्डिंग करायचा, रेड ऑक्साइडचे हात द्यायचे. पुटी भरून वरून ड्यूको मारणं म्हणजे पुढच्या मालकाची फसवणूक. चासी नंबरच्या जागी ग्राइंडर अजिबात फिरवू देऊ नका. आरटीओत पेन्सिल घासून त्या नंबराचा ठसा घेतात. तो पुसला की गाडीची ओळखच संपली.

मागचे पाटे बघा. टनाच्या जागी दोन टन भरायचे म्हणून बहुतेकांनी जादा पाटे घातलेले असतात. आता तेवढं ओझं वाहायचं नाही. जादा पाटे काढा, मूळचे सोलून ग्रीस भरा. मोकळ्या गाडीची हाडं खिळखिळी करणारी ती उसळी निम्म्यावर येते.

इंजिनाचं काम मात्र जाणत्या हातीच द्यावं. जुन्या २०७ चं १९४८ सीसीचं डिझेल इंजिन पुढे सुमोतही आलं, त्यामुळे लाइनर-पिस्टनपासून गास्केटपर्यंत बराच माल पुण्यात नाना पेठेत अजून मिळतो. दारांची रबरं, मीटर, मूठ यांच्यासाठी भंगाराचे अड्डे पालथे घालावे लागतात. पंप-नोझलचं काम करणारा दौंडचा एक मिस्त्री माझ्या ओळखीचा आहे. नोझल टेस्टरवर चढवून तो दांडा दाबतो. डिझेल धुक्यासारखं बारीक फवारलं आणि जिथल्या तिथं तुटलं तर नोझल चांगला. टोकाला एक थेंब जरी लोंबला तरी तो मान हलवतो, कारण तोच थेंब पुढे काळा धूर काढतो आणि पिस्टन जाळतो. गाडी चालू झाल्यावर तो प्रत्येक नोझलच्या पाइपवर बोट ठेवतो आणि ठोक्यावरून सांगतो, ‘तीन नंबर मागं पडतोय.’ शिरूर तालुक्यातच रांजणगावला आधुनिक कारखान्यात नेक्सॉन तयार होते आणि तिचा दोष संगणक सांगतो. त्या विद्येचा मला आदर आहे. पण बोटांनी इंजिन ऐकणारी ही माणसं आता साठीकडे झुकली आहेत आणि त्यांच्या हाताखाली शिकायला पोरं नाहीत. जुनी गाडी दुरुस्तीला आली तरच ही विद्या पुढच्या हातात जाईल. माझ्या लेखी या छंदाचं सगळ्यात मोठं मोल हेच.

आता बदलांविषयी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं नमूद केलेल्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद हवी. लोखंडी बुलबारवर केंद्रानं २०१७ मध्येच बंदी आणली आहे. त्यामुळे उंची वाढवणं, बाहेर डोकावणारे रुंद टायर घालणं यापासून तरुणांनी लांब राहावं. करायचंच तर जिवाला जपणारं काम करा. नवी ब्रेक पायपिंग टाका, चांगले सीट बेल्ट लावा, रिले बसवून हेडलाइटला पुरता करंट द्या, फाळक्यावर रिफ्लेक्टर पट्टी लावा. गळिताच्या हंगामात रात्री दिवे नसलेल्या उसाच्या ट्रॉल्यांमधून वाट काढणाऱ्याला या पट्टीची किंमत कळते.

एक तक्रार सरकारकडेही मांडतो. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात जपलेली वाहनं त्यात येतात, पण फक्त दुचाकी आणि खासगी प्रवासी मोटारी. मालवाहू गाडीला त्यात जागाच नाही. पहिली टाटामोबाइल २०३८ मध्ये पन्नाशीची होईल, तरी आजच्या नियमानं ती वारसा ठरणार नाही. नगरला १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालय आहे, संस्थानिकांच्या मोटारींच्या रॅली भरतात, त्या भराव्यातच. ज्या गाडीनं दोन तालुक्यांचा संसार ओढला, तिलाही त्या नियमात जागा मिळाली पाहिजे.

ज्यांच्या दारात अशी गाडी उभी आहे त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. किलोवर घालण्याआधी एखाद्या जुन्या मिस्त्रीला बोलवा, चासी ठोकून घ्या, पंप तपासून घ्या, आणि त्या वेळी घरातल्या पोराला शेजारी उभं करा. गाडी खरोखरच संपली असेल तर आरटीओत नोंदणी रद्द करूनच ती द्या. पण चासी खणखणत असेल तर भंगारवाल्याला परत पाठवा.