मालाचे गाव कोणते?

दर महिन्याच्या मध्याला दिल्लीतील वाणिज्य मंत्रालय देशाच्या आयात-निर्यातीचे आकडे जाहीर करते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांच्या अर्थविषयक पानावर त्याची बातमी येते. निर्यात वाढली असेल तर सत्ताधारी त्यात आपल्या धोरणाचे यश पाहतात. व्यापारतूट वाढली असेल तर विरोधकांना टीकेला निमित्त मिळते. २०२४-२५ या आर्थिक वर्षात भारताने सुमारे ४३७ अब्ज डॉलरचा माल परदेशी पाठविला आणि सुमारे ७२० अब्ज डॉलरचा माल मागविला. एवढ्या प्रचंड उलाढालीची मोजदाद होते कशी, आणि त्या मोजदादीत वाळूज, शेंद्रा, वैजापूर किंवा पैठण यांची नोंद नेमकी कुठे पडते, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. मराठवाड्याने तरी तो विचारायला हवा.

कागदातून निघणारा आकडा

पहिली गोष्ट ही, की बंदरावर उभे राहून खोकी मोजून हा आकडा कोणी काढत नाही. तो कागदपत्रांतून निघतो. निर्यातदार, किंवा त्याच्या वतीने क्लिअरिंग एजंट, कस्टम्सकडे शिपिंग बिल दाखल करतो. आयातदार बिल ऑफ एंट्री दाखल करतो. माल कोणता, किती, कोणत्या देशात चालला, किंमत काय, हे सारे त्यात लिहावे लागते. कस्टम्सचे मुख्य काम जकात वसूल करणे आणि मालावर नजर ठेवणे हे आहे. आकडेवारी हे त्या कामातून हाती येणारे उपउत्पादन. या नोंदी संगणकामार्फत कोलकात्याला जातात. तेथे वाणिज्य माहिती व सांख्यिकी महासंचालनालय हे ब्रिटिश अमदानीपासून चालत आलेले कार्यालय त्यांची छाननी करते, बेरजा करते आणि दिल्लीला कळविते.

या बेरजांचे काही ठरलेले नियम आहेत. निर्यातीची किंमत माल जहाजावर चढेपर्यंतची धरतात. आयातीच्या किमतीत मात्र जहाजभाडे आणि विमाही मिळविलेला असतो. साहजिकच एकाच मालाची विकणाऱ्या देशाची नोंद आणि घेणाऱ्या देशाची नोंद जुळत नाही. शिवाय माल रॉटरडॅमला उतरला की तो नेदरलँड्सच्या खात्यावर लिहिला जातो, मग पुढे तो जर्मनीत का विकला जाईना. २०२२-२३ मध्ये हा चिमुकला देश भारतीय मालाचा तिसऱ्या क्रमांकाचा ग्राहक ठरला, त्यामागे तेथील लोकांच्या गरजेपेक्षा त्यांच्या बंदराचा आणि तेथे उतरणाऱ्या पेट्रोलियम पदार्थांचा वाटा मोठा होता.

काही गोष्टी या हिशेबात येतच नाहीत. अजिंठा-वेरूळ पाहायला आलेल्या परदेशी पाहुण्याने शहरात हिमरू शाल विकत घेऊन बॅगेत टाकली, तर विणकराच्या मालाला परदेशी गिऱ्हाईक मिळाले खरे. पण मालाच्या निर्यातीत ती शाल दिसणार नाही. तिचे पैसे पर्यटनाच्या उत्पन्नात मोजले जातात.

नावात काय आहे?

प्रत्येक वस्तूला एक सांकेतिक क्रमांक असतो. त्याचे पहिले सहा आकडे जगभर सारखे आणि पुढचे दोन आपल्या देशाचे. मोटारसायकल ८७११ मध्ये, मोटारगाडी ८७०३ मध्ये, तिचे सुटे भाग मुख्यतः ८७०८ मध्ये, कांदा ०७०३ मध्ये. वरवर पाहता हे कारकुनी काम वाटते, पण या क्रमांकावर जकातीचा दर ठरतो आणि कोट्यवधी रुपये इकडचे तिकडे होतात.

याचे ताजे उदाहरण आपल्या दारातलेच आहे. शेंद्र्याच्या कारखान्यात स्कोडा, फोक्सवॅगन आणि ऑडी गाड्यांची जुळणी होते. सप्टेंबर २०२४ मध्ये कस्टम्सने स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडिया कंपनीला सुमारे १.४ अब्ज डॉलरच्या कराची मागणी करणारी नोटीस दिली. जवळजवळ पूर्ण गाडीचेच भाग वेगवेगळ्या खेपांनी आणून ते 'सुटे भाग' म्हणून दाखविले, असे कस्टम्सचे म्हणणे. जुळणीसाठी आणलेल्या पूर्ण संचावर ३० ते ३५ टक्के जकात लागते, सुट्या भागांवर ५ ते १५ टक्के. कंपनीने आरोप नाकारला आणि मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. खरे-खोटे ठरविणे न्यायालयाचे काम. आपल्या विषयापुरता मुद्दा एवढाच, की त्याच खोक्यांतला तोच माल एका वाचनात 'मोटार' ठरतो आणि दुसऱ्या वाचनात 'सुटे भाग'. म्हणजे देशाने किती मोटारी आयात केल्या, या साध्या प्रश्नाचे उत्तरही कागद कसा वाचला त्यावर ठरते.

कागदावर चालणाऱ्या कामात चुका होणारच. डिसेंबर २०११ मध्ये तत्कालीन वाणिज्य सचिव राहुल खुल्लर यांना जाहीर करावे लागले, की त्या वर्षी एप्रिलपासूनची निर्यात सुमारे ९ अब्ज डॉलरने जास्त दाखविली गेली होती. अलीकडचा प्रकार नोव्हेंबर २०२४ चा. त्या महिन्यात सोन्याची आयात १४.८ अब्ज डॉलरवर गेल्याची बातमी आली आणि विक्रमी व्यापारतुटीने सर्वांची झोप उडाली. जानेवारी २०२५ मध्ये तोच आकडा ९.८ अब्ज डॉलरवर आला. विशेष आर्थिक क्षेत्रांच्या नोंदी एका संगणकप्रणालीतून दुसरीत नेताना काही सोने दोनदा मोजले गेले, असे सांगण्यात आले. ५ अब्ज डॉलरचे सोने कागदावरच आले आणि कागदावरूनच गेले. चूक कबूल करून दुरुस्त केली हे चांगलेच. पण महिन्याचा पहिला आकडा हा अंदाज असतो, हे वाचकानेही लक्षात ठेवलेले बरे.

एका रकान्याचे मोल

आता मराठवाड्याकडे येऊ. वाळूजला १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आसऱ्याने लहान-मोठ्या उद्योगांची वसाहत वाढली. येथील दुचाकी-तीनचाकी आफ्रिकेच्या रस्त्यांवर धावतात. पण आपल्याला समुद्र नाही. माळीवाड्यासारख्या अंतर्देशीय डेपोत कस्टम्सचे सोपस्कार झाले तर नोंद तेथे होते. कंटेनर थेट साडेतीनशे किलोमीटरवरच्या न्हावाशेवा बंदरात गेला तर तेथे होते. बंदरनिहाय आकडे पाहिले तर रायगडचा किनारा श्रीमंत दिसतो आणि माल तयार करणारा मुलूख दिसतच नाही.

ही जुनीच कहाणी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक भाषक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' हे सागरी व्यापाराचे टिपण लिहिले. भडोच बंदरातून निघणाऱ्या मालाची यादी देताना तो आवर्जून सांगतो, की अकीकाच्या जातीचा दगड पैठणहून येतो, कापड तगरहून म्हणजे आजच्या तेरहून येते आणि हा माल गाड्यांतून अवघड वाटांनी बंदराला पोचतो. पैठणपासून भडोच वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचेही तो नोंदवितो. माल चढला भडोचला, पण गाव लिहिले पैठणचे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसाने जे केले, ते करायला आपल्या यंत्रणेला बराच वेळ लागला. निर्यातीच्या मालाचे मूळ राज्य आणि मूळ जिल्हा शिपिंग बिलात लिहिणे सक्तीचे झाले ते १५ फेब्रुवारी २०२० पासून.

या रकान्याला महत्त्व आहे ते पुढच्या निर्णयांमुळे. प्रत्येक जिल्हा निर्यातकेंद्र व्हावा, ही कल्पना पंतप्रधानांनी १५ ऑगस्ट २०१९ च्या भाषणात मांडली. आज जिल्हावार निर्यातीचे तक्ते तयार होतात. शीतगृह कुठे हवे, तपासणी प्रयोगशाळा कुठे हवी, रेल्वेची क्षमता कुठे वाढवावी, अशा मागण्यांच्या वेळी हे तक्ते समोर ठेवले जाणार. ज्या जिल्ह्याची निर्यात कागदावर कमी, त्याची मागणीही कमी वजनाची.

आणि येथेच मेख आहे. सिल्लोडची मिरची, कन्नडचे आले, वैजापूर-लासूरचा कांदा यांपैकी किती माल शेतकरी स्वतः निर्यात करतो? तो बाजार समितीत विकला जातो, व्यापाऱ्याकडून दुसऱ्या व्यापाऱ्याकडे जातो आणि शिपिंग बिल भरणारा एजंट बंदराजवळच्या कार्यालयात बसलेला असतो. नियमाप्रमाणे मूळ जिल्हा माल पिकला तो. पण पाच ठिकाणचा कांदा एकाच कंटेनरमध्ये भरलेला असताना, निर्यातदाराच्या कार्यालयाचा जिल्हा लिहून मोकळे होण्याचा मोह सोपा असतो. त्याला त्याची शिक्षाही नाही आणि नीट लिहिल्याचे बक्षीसही नाही.

दुसरी अडचण उद्योगांची. वाळूजच्या छोट्या कारखान्यात तयार झालेला सुटा भाग परराज्यातील मोटारीत बसतो आणि ती मोटार परदेशी जाते. निर्यात मोटार जुळविणाऱ्या राज्याची. येथील कामगाराचा घाम त्या आकड्यात मुरलेला असतो, पण दिसत नाही.

कांद्याचा आकडा वाचतानाही असाच सावधपणा हवा. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने निर्यातबंदी घातली आणि ती ४ मे २०२४ ला उठविली. त्या महिन्यांतील निर्यात पाहून उद्या कोणी म्हणेल, की आपल्या कांद्याला बाहेर मागणीच नव्हती. मागणी होती, दार बंद होते. आकडा खरा असतो, त्याचा अर्थ मात्र इतिहास ठाऊक असल्याशिवाय लागत नाही.

काय करता येईल? फार मोठ्या खर्चाची ही गोष्ट नाही. मूळ जिल्ह्याचा रकाना वस्तू व सेवा कराच्या बिलांशी ताडून पाहता येईल. बाजार समित्यांनी निर्यातीसाठी गेलेल्या मालाची तालुकावार नोंद ठेवली तर निदान तुलनेला आधार मिळेल. सीएमआयए आणि मसिआ या येथील उद्योजकांच्या संघटनांनी आपल्या सदस्यांना हा एक रकाना स्वतः तपासण्याची सवय लावावी. विद्यापीठातील अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तर यात वर्षभर पुरेल इतके काम आहे.

दांडेकर समितीने १९८४ मध्ये प्रादेशिक अनुशेषाचा हिशेब मांडला, तेव्हापासून मराठवाडा आपल्याला काय मिळाले नाही याचे आकडे हिरिरीने मांडत आला आहे. ते मांडायलाच हवेत. पण आपण देशाला काय दिले, किती डॉलर मिळवून दिले, याचा आकडा आपल्याजवळ नसेल तर त्या मागणीचा एक पाय लंगडाच राहणार. तो आकडा दिल्लीत किंवा कोलकात्यात तयार होत नाही; तेथे त्याची फक्त बेरीज होते. तो तयार होतो शिपिंग बिलातल्या एका छोट्या रकान्यात, आणि तो रकाना नीट भरून घेणे आपल्याच हातात आहे.