दुसऱ्या टोकाच्या माणसाचा दर

पहिला पाऊस पडला की केबल फॉल्टच्या कामांबद्दलची पत्रे आमच्याकडे वाढतात. या वेळच्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच निविदेवर आहे. एका वितरण कार्यालयाने ११ आणि २२ केव्ही भूमिगत केबलचे फॉल्ट शोधण्यासाठी वार्षिक कंत्राट काढले आहे आणि त्याच्या दरपत्रकात बाब एकच आहे : ‘फॉल्ट शोधून देणे, प्रति नग’. गाडी, उपकरणे, माणसे, अर्थिंग, बॅरिकेडिंग सारे त्या एका दरात. जागा सापडली नाही तर पैसे नाहीत, उशिरा सापडली तर तासावर दंड. आणि सर्ज मारत असताना केबलच्या दुसऱ्या टोकाशी उभ्या राहणाऱ्या माणसाचा त्या कागदांत कुठेही उल्लेख नाही.

पत्रलेखकांची तक्रार मुख्यतः दंडाबद्दल आहे. आमचा आक्षेप त्या माणसाबद्दल आहे.

थंपर एका टोकाला लागतो. दुसरे टोक किलोमीटर-दीड किलोमीटरवर, एखाद्या सोसायटीच्या आवारातल्या आरएमयूत किंवा कारखान्याच्या पॅनेलमध्ये उघडे असते. १६ केव्हीच्या रेंजवर १५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर भरला की त्यात सुमारे १९०० ज्यूल साठतात आणि दर काही सेकंदांनी केबलमध्ये सोडले जातात. फॉल्ट फ्लॅश झाला तर ऊर्जा तिथे जाते. झाला नाही, तर उघड्या टोकावर परावर्तनाने व्होल्टेज दुपटीकडे जाते आणि केबल स्वतःच चार्ज होऊन बसते. दीड किलोमीटर केबलची कपॅसिटन्स अर्धा मायक्रोफॅरड धरली तरी १६ केव्हीला ६४ ज्यूल होतात, आणि तेवढे जीव घ्यायला पुरेसे आहेत. त्या टोकाशी आपला माणूस नसेल तर पॅनेलचे दार उघडे दिसले म्हणून डोकावणारा सुरक्षारक्षक, साफसफाईला आलेला कामगार, ‘लाइट कधी येणार’ हे विचारायला आलेला सभासद, कोणीही तिथे हात घालू शकतो. मेगरसुद्धा ५ केव्हीने केबल चार्ज करतो, हे आपल्यातलेच अनेकजण विसरतात.

असे असताना आज प्रत्यक्षात काय चालते? गाडीत दोघे असतात. एक थंपरवर, दुसरा ग्राउंड माइक घेऊन रस्त्यावर. दुसऱ्या टोकाची जबाबदारी फोनवर सोपवली जाते. ‘बाजूला काढले आहे, सुरू करा,’ असे कोणीतरी सांगतो आणि सर्ज सुरू होतो. ग्राहकाच्या बाजूचा जनरेटर उलटा पुरवठा देत नाही ना, छतावरचा सौर संच वेगळा झाला आहे ना, हे पाहायला तिथे कोणी गेलेलेच नसते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक विनियम २०२३ मध्ये नव्याने लागू झाले. वाहक हाताळण्यापूर्वी अर्थिंगने किंवा अन्य योग्य साधनाने डिस्चार्ज करणे आणि तो चुकून पुन्हा चार्ज होऊ नये याची व्यवस्था करणे ही जुनीच तरतूद त्यांतही कायम आहे. फोनवरचा निरोप म्हणजे अशी व्यवस्था नव्हे.

या मुद्द्यावर अधिकाऱ्यांचे उत्तर ठरलेले असते : कंत्राटदाराने सुरक्षेचा खर्च आपल्या दरात धरावा. हे उत्तर देणाऱ्यांनी एकदा निविदेचे तुलनात्मक तक्ते काढून पाहावेत. जो तिसऱ्या माणसाचा पगार दरात धरतो तो तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर जातो आणि जो धरत नाही त्याला काम मिळते. पुढच्या वर्षी पहिलाही शहाणा होतो. मोजमाप पुस्तकात ज्या बाबीला ओळ नाही तिच्याबद्दल बिल तपासताना कोणी विचारत नाही आणि जागेवरही कोणी पाहत नाही. दुसऱ्या टोकाचा पहारा, दोन्ही टोकांचे अर्थिंग, केबलची ओळख आणि स्पाइकिंग या स्वतंत्र, मोजता येणाऱ्या बाबी म्हणून दरपत्रकात आल्याच पाहिजेत. त्याशिवाय ही स्पर्धा सुरक्षेतल्या काटछाटीचीच राहील.

दंडाच्या घड्याळाबद्दलही बोलले पाहिजे. ते फोन आल्यापासून सुरू होते, परमिट हातात पडल्यापासून नाही. मार्गाचा नकाशा मागितला तर जुन्या लाइनमनला विचारा म्हणतात. टीडीआर १२०० मीटरवर फॉल्ट दाखवतो, पण वेग पाच टक्क्यांनी चुकीचा धरला असेल तर तेवढ्यात ६० मीटरचा फरक पडतो. शिवाय ते अंतर केबलचे असते, रस्त्याचे नसते. प्रत्येक जॉइंटपाशी सोडलेला लूप त्यात धरलेला असतो. केबल एचडीपीई पाइपमधून गेली असेल तर आवाज फॉल्टवर न येता पाइपच्या तोंडाशी येतो. हे सारे वेळ घेणारे काम आहे. त्यावर तासांचा दंड लावला की माणूस आर्क रिफ्लेक्शनने आधी अंतर काढायचे सोडून सरळ सर्ज चढवतो आणि रात्रभर मारत राहतो. पंधरा वर्षांच्या एक्सएलपीईचे काय होते हे वेगळे सांगायला नको. आठवड्यात त्याच फीडरवर दुसरा फॉल्ट येतो. त्यात महापालिकेची खोदाईची परवानगी यायला दिवस गेले, तोवर रस्त्यावरची खूण पुसली गेली, की तीच केबल पुन्हा थंप करायची. या फेऱ्याचे पैसे अर्थातच कुणी देत नाही.

पण सगळा दोष कार्यालयांवर टाकून आपली सुटका नाही. अंदाजपत्रकापेक्षा बरेच खाली दर भरणारे आपलेच व्यवसायबंधू आहेत. थंपरची ऑपरेटिंग अर्थ केबलच्या स्क्रीनला न जोडता शेजारी ठोकलेल्या खुंटीला बांधणारे आपलेच आहेत. मग परतीचा प्रवाह मातीतून जातो आणि गाडीच्या सांगाड्याचेच व्होल्टेज वर चढते. डिस्चार्ज रॉड क्षणभर टेकवून काढून घेणारेही आपलेच आहेत. इन्सुलेशनमध्ये शोषलेला चार्ज हळूहळू परत वर येतो, म्हणून अर्थ काम संपेपर्यंत लावलेलीच ठेवायची, हे ज्यांना माहीत नाही त्यांनी हा व्यवसाय करू नये.

सर्वांत संताप येतो तो केबल कापण्याच्या घाईचा. एका चरात चार सारख्या केबल दिसतात, त्यांतली एक चालू असते, आणि ‘हीच ती’ असे वरून कोणी बोट दाखवले म्हणून जॉइंटर करवत लावतो. ओळखीची क्लॅम्प आणि लांबून चालवता येणारा हायड्रॉलिक कटर या दोन्ही वस्तू आता सहज मिळतात. त्या नाहीत म्हणून खड्ड्यात उतरणाऱ्या माणसाने आपला जीव पणाला लावावा, अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.

म्हणून सर्व वाचकांना विनंती आहे. येत्या निविदापूर्व बैठकीत एकट्याने नाही, दहा-बाराजणांनी मिळून लेखी मागणी करा की दुसऱ्या टोकाचा पहारा आणि स्पाइकिंग या बाबी दरपत्रकात वेगळ्या याव्यात, आणि तासांची मोजणी दोन्ही टोकांच्या सह्यांचे परमिट मिळाल्यापासून व्हावी. मागणी मान्य झाली नाही तर त्या निविदेत दर भरू नका. एकाने भरला तर बाकीच्यांचे सगळे फुकट जाते, हे आपण यापूर्वी पाहिले आहे. जॉइंटर बंधूंनी स्पाइक डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कापायला नकार द्यावा. मालक रागावला तर आम्हाला कळवावे, नाव छापले जाणार नाही. आणि ज्यांच्याकडे अशा एका बाबीच्या निविदांच्या प्रती आहेत त्यांनी त्या या महिनाअखेरीपर्यंत कार्यालयात पोहोचवाव्यात. त्या एकत्र करून विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात देण्याचे काम आम्ही घेतले आहे.