जाड पुस्तकांची बाजू

आमच्या वर्गात पुस्तकांची पेटी उघडली की पातळ पुस्तके दोन मिनिटांत संपतात. जाड पुस्तके तळाशी राहतात. "एवढं कोण वाचनार?" असे मुले म्हणतात. घरी कोणी ती हातात पाहिली की, "हे परीक्षेला आहे का?" असे विचारतात. परीक्षेला नाही, हे खरेच. तरी माझे मत त्या जाड पुस्तकांच्या बाजूने आहे. त्यातही नुसती कादंबरी वाचून थांबू नये, असे मला वाटते.

आपल्याच भागाचे घ्या. 1657 साली शिवाजी महाराजांनी कल्याण आणि भिवंडी ही ठाणी घेतली. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेला महाराजांनी सन्मानाने परत पाठविले, ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे, नाटकातही पाहिली आहे. पण अभ्यासक सांगतात की त्या काळच्या कागदांत ती सापडत नाही. लगेच कोणी म्हणेल, "मग काय सगळं खोटं?" नाही ना! मोगलांच्या बाजूचा इतिहासकार खाफीखान महाराजांना पुष्कळ नावे ठेवतो. आणि तोच लिहितो की, स्त्रियांना त्रास देऊ नये असा महाराजांचा सक्त नियम होता. शत्रूकडच्या माणसाची ही साक्ष मला तर त्या गोष्टीपेक्षा भारी वाटते. पण ती कळायला कादंबरी मिटून दुसरे पुस्तक उघडावे लागते. रणजित देसाई यांच्या 'श्रीमान योगी'ला नरहर कुरुंदकरांची मोठी प्रस्तावना आहे. ती आपण सरळ उलटून टाकतो. कठीण आहे, कबूल. बाईंना विचारत विचारत वाचावी.

'श्यामची आई' साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात चार-पाच दिवसांत लिहिली. गुरुजींचे नाव पांडुरंग आणि पुस्तकातला मुलगा श्याम. मग ही आठवण की गोष्ट? मी म्हणेन, दोन्ही. आई जाऊन तेव्हा पंधरा-सोळा वर्षे झाली होती, हे गुरुजींच्या चरित्रात वाचले आणि तेच पुस्तक परत वाचताना घसा दाटून आला.

अण्णा भाऊ साठे दीडच दिवस शाळेत गेले, असे सगळे सांगतात. (आमच्यातल्या काहींना एवढेच फार आवडते!) पुढचे कोणी सांगत नाही. वाटेगावाहून घरच्यांबरोबर ते पायी मुंबईला आले, गिरणीत राबले, आणि 1959 साली त्यांची 'फकिरा' छापून आली.

लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' मात्र आमच्यापेक्षा आमच्या आयांनी आधी वाचावे. लक्ष्मीबाई लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकल्या, आणि स्वतःची फजिती अशी सांगतात की हसून पोट दुखते. लढाया नाहीत त्यात. चूल आहे, रुसवे आहेत, नवऱ्याने धर्म बदलला तेव्हाचे रडणे आहे. मोठ्या माणसांची चरित्रे वाचून घरातल्या बाईचे असे काही कळत नाही.

आज आलेल्या पालकांना एक विनंती. आमच्या पेटीत आत्मचरित्रे दोनच आहेत. घरी माळ्यावर एखादे जुने असेल तर शाळेला द्या. पुठ्ठा सुटलेला असला तरी चालेल, खळ लावून आम्ही चिकटवू. भिवंडीत खळीला काय तोटा!

— इयत्ता सातवी