रोपटे कामगाराच्या हाती, निर्णय कोणाच्या?

पर्यावरणाच्या कार्यात कामगारांना ‘सहभागी करून घेतले पाहिजे’ असा उपदेश व्यवस्थापनांच्या तोंडून हल्ली वारंवार ऐकू येतो. ५ जून उजाडला की कामगाराच्या हाती रोपटे द्यावयाचे, त्याच्याकडून शपथ वदवून घ्यावयाची, आणि ६ जूनला त्याने मुकाट्याने पाळीवर जावयाचे. यालाच सहभाग म्हणावयाचे काय?

नागपूरच्या वेशीवरील कोराडीचे औष्णिक वीज केंद्र पाहा. जुलै २०२२ मध्ये त्याच्या खसाळा येथील राखतलावाचा बांध पावसात फुटला आणि राखेचा गाळ शेतांत व नदीनाल्यांत शिरला. कोळसा, राख आणि धूर यांच्याशी रोजचा संबंध कोणाचा? कामगाराचा, त्यातही कंत्राटी कामगाराचा. धोक्याची खूण त्याला आधी दिसते. परंतु तोंड उघडल्यास उद्या ठेकेदार कामावर घेईल याची त्याला शाश्वती नसते.

प्रश्न अधिकाराचा आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने उद्योगांच्या व्यवस्थापनातील कामगारांचा सहभाग राज्याच्या मार्गदर्शक तत्त्वांत समाविष्ट केला. भोपाळनंतर, १९८७ साली, धोकादायक कारखान्यांच्या सुरक्षा समित्यांत कामगारांना समान प्रतिनिधित्व देणारी तरतूद झाली. मग राखेच्या आणि धुराच्या हिशेबाला तेच तत्त्व का लागू नये?

म्हणून आपल्या संघटनांनी ठामपणे मागावे: कंत्राटी कामगारांसह निवडून आलेली पर्यावरण समिती, तिला तपासणीचा व नोंदी जाहीर करण्याचा हक्क, आणि दोष दाखविणाऱ्याच्या रोजीला संरक्षण. उद्या कोळशाचे संच बंद करण्याची वेळ येईल, तेव्हा कामगारांच्या चुलींचे काय, याचा निर्णयही त्यांच्यावाचून होता कामा नये.