विश्लेषण : गिनीजमध्ये नववा, तरीही डर्बीत फेव्हरिट! ‘सिटी ऑफ ट्रॉय’वर एवढा भरवसा का?

इंग्लंडमधील एप्समच्या मैदानावर शनिवारी, १ जून २०२४ रोजी झालेल्या डर्बीच्या आधीचे हे विश्लेषण. १६ घोडे, सुमारे २,४२० मीटर अंतर आणि जेमतेम अडीच मिनिटांचा खेळ. १७८० पासून चालत आलेल्या या शर्यतीत यंदा चर्चा मात्र एकाच घोड्याची आहे. बरोबर चार आठवड्यांपूर्वी न्यूमार्केटच्या ‘२००० गिनीज’मध्ये ‘सिटी ऑफ ट्रॉय’ ११ घोड्यांत नववा आला. तरीही डर्बीच्या भावात तोच सर्वांत वर आहे. हा भाव घोड्याचा आहे की त्याच्या ट्रेनरच्या नावाचा, यावरून जाणकारांत सरळ दोन तट पडले आहेत.

सिटी ऑफ ट्रॉयचा एवढा गाजावाजा का?

गेल्या वर्षी, दोन वर्षांचा असताना, तो तीन शर्यती धावला आणि तिन्ही जिंकला. जुलैमधील ‘सुपरलेटिव्ह स्टेक्स’मध्ये त्याने बाकीच्यांना साडेसहा लेंग्थने मागे टाकले. (लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी.) ऑक्टोबरमध्ये ओल्या मैदानावर झालेली ‘ड्यूहर्स्ट’ त्याने साडेतीन लेंग्थने जिंकली. त्यानंतर त्याची तुलना १४ पैकी १४ शर्यती जिंकणाऱ्या फ्रँकेलशी होऊ लागली. हिवाळाभर तो न धावताच मोठा होत गेला, असे म्हटले तरी चालेल.

४ मे रोजी गिनीजला त्याचा भाव ४/६ होता. हा आकडा वाचायची पद्धत सोपी आहे. डावीकडची संख्या म्हणजे मिळणारा नफा, उजवीकडची म्हणजे लावलेली रक्कम. सहा लावले तर चार मिळणार, म्हणजे बाजाराच्या मते जिंकण्याची शक्यता १० पैकी ६, अर्थात ६० टक्के. डर्बीआधी त्याचा भाव ३/१ च्या आसपास होता, म्हणजे शक्यता २५ टक्के. ‘फेव्हरिट’ या शब्दामुळे अनेकांची गल्लत होते ती इथेच. बाजार ‘हा जिंकणार’ असे म्हणत नाही. चारपैकी तीन वेळा हा हरेल, पण बाकीच्या एकेकट्यापेक्षा याची शक्यता जास्त आहे, एवढेच तो सांगतो. हे २५ टक्केही थोडे फुगवलेले असतात, कारण सर्व घोड्यांच्या शक्यतांची बेरीज केली तर ती १०० च्या वर जाते. वरचा भाग बुकमेकरची कमाई.

गिनीजमध्ये नेमके काय बिघडले?

ट्रेनर एडन ओब्रायन यांनी दोष स्वतःकडे घेतला आहे. घोडा स्टॉलमध्येच अस्वस्थ झाला, त्याची तयारी जास्त जपून झाली, असा त्यांचा सूर आहे. ती त्याची मोसमातील पहिलीच शर्यत होती, हेही खरे. टीकाकारांचे म्हणणे असे की, कारणे हरलेल्या प्रत्येक घोड्याला मिळतात. दोन वर्षांच्या वयात लवकर वाढलेले घोडे तीन वर्षांचे होईपर्यंत मागे पडतात, हा अनुभव शर्यतींच्या जगात नवा नाही.

मग ओब्रायन समर्थकांचा हुकमी एक्का निघतो : ऑगस्ट रोडिन. गेल्या वर्षी याच तबेल्याचा हा घोडा गिनीजमध्ये १४ जणांत बारावा आला आणि चार आठवड्यांनी डर्बी जिंकला. जॉकीही तोच, रायन मूर. उदाहरण तंतोतंत जुळते, पण उदाहरण एकच आहे आणि एका उदाहरणावरून नियम काढता येत नाही. २०१८ चा दाखला घेतला तर चित्र उलटे दिसते. ओब्रायन यांचाच सॅक्सन वॉरियर गिनीज जिंकून डर्बीत मोठा फेव्हरिट म्हणून उतरला आणि चौथा आला. जिंकला तो गिनीजमध्ये तिसरा आलेला मासार. दोन्ही उदाहरणे एकत्र ठेवली तर एवढेच हाती लागते की १,६०० मीटरची सरळ धाव आणि एप्समची वळणे या दोन वेगळ्या परीक्षा आहेत.

एप्सम इतके अवघड का?

मुंबईच्या महालक्ष्मीवर फेब्रुवारीत होणारी इंडियन डर्बीही २,४०० मीटरचीच. पण महालक्ष्मीचे मैदान सपाट आहे आणि तिथे घोडे चार वर्षांचे असतात. एप्समला तीन वर्षांची पोरे धावतात आणि मैदान म्हणजे जवळपास घाटच. पहिल्या निम्म्या भागात सुमारे ४० मीटरची चढण आहे. त्यानंतर उतार लागतो आणि त्या उतारावरच ‘टॅटनहॅम कॉर्नर’ हे डावे वळण येते. वेग वाढत असतानाच घोड्याला वळायचे असते. पुढे शेवटच्या सरळ टप्प्यात जमीन आतल्या कठड्याकडे झुकलेली आहे. दमलेला घोडा तिकडे ओढला जातो आणि अगदी शेवटी पुन्हा छोटी चढण लागते. दम, वेग आणि तोल या तिन्हींपैकी एकही कमी असेल तर इथे ते लपत नाही.

दमाच्या बाबतीत सिटी ऑफ ट्रॉयची बाजू त्याच्या टीकाकारांना वाटते त्यापेक्षा भक्कम आहे. त्याचा बाप जस्टिफाय हा २०१८ चा अमेरिकन ट्रिपल क्राउन विजेता. त्यात २,४०० मीटरची बेलमाँट स्टेक्सही येते, अर्थात ती मातीच्या ट्रॅकवर. आई टुगेदर फॉरएव्हर ही गॅलिलिओची मुलगी. तिची सख्खी बहीण फॉरएव्हर टुगेदर हिने २०१८ मध्ये याच एप्समवर ओक्स जिंकली होती. म्हणजे मावशी या उतारावर आधीच उतरून गेली आहे.

या वंशावळीत पैशाचा मुद्दाही दडला आहे. गॅलिलिओ २०२१ मध्ये मरण पावला. मालकांच्या कूलमोर गटाकडे त्याच्या मुली भरपूर आहेत, पण त्यांच्यासाठी वेगळ्या रक्ताचा वळू घोडा हवा. ऑगस्ट रोडिन हा जपानच्या डीप इम्पॅक्टचा, तर सिटी ऑफ ट्रॉय अमेरिकेच्या जस्टिफायचा. दोघांचेही आजोळ गॅलिलिओ. शनिवारी पुन्हा हार झाली तर एका घोड्यासोबत प्रजननाच्या सगळ्या आराखड्यावर प्रश्नचिन्ह लागेल. गिनीजनंतर घोड्याला विश्रांती न देता थेट एप्समला आणण्यात हाही विचार असणारच.

स्टॉल क्रमांक १ ही अडचण मात्र खरी आहे. सुरुवात चुकली तर घोडा कठड्याला लागून कोंडला जातो. २०२१ मध्ये अदायार याच स्टॉलमधून जिंकला, त्यामुळे हा शाप वगैरे नाही. पण अदायारपुढे स्टॉलमध्ये बिथरण्याचा ताजा इतिहास नव्हता.

बाकीचे दावेदार कोण?

सर्वांत जवळचा प्रतिस्पर्धी अँबिएंट फ्रेंडली, भाव ५/१ च्या आसपास. लिंगफिल्डची डर्बी ट्रायल त्याने साडेचार लेंग्थने जिंकली आणि लिंगफिल्डलाही डावे वळण व उतार आहे, म्हणून ती कामगिरी इथे मोलाची ठरते. शंका दोन आहेत. बाप ग्लेनईगल्स हा १,६०० मीटरचा गडी होता. शिवाय लिंगफिल्डला जिंकून देणारा तरुण जॉकी कॅलम शेफर्ड याला मालकांनी ऐनवेळी उतरवून अनुभवी रॉबर्ट हॅव्हलिन यांना बसवले आहे. जिंकणाऱ्या जोडीत बदल करण्याचे हे धाडस अनेकांना अन्यायाचे वाटले आणि घोड्याच्या दृष्टीनेही ते अनाठायीच दिसते.

चार्ली ॲपलबी यांच्या तबेल्याला यंदा नशिबाने दगा दिला. अरेबियन क्राउन जखमी झाला आणि हिडन लॉ चेस्टर व्हाझ जिंकल्यावर लगेच झालेल्या दुखापतीत गेला. उरला अँशंट विस्डम. यॉर्कच्या दान्ते स्टेक्समध्ये तो इकॉनॉमिक्सच्या मागे सहा लेंग्थ राहिला होता. इकॉनॉमिक्सची डर्बीसाठी नोंदच नव्हती आणि जादा शुल्क भरून त्याला उतरवायचे नाही, असे ट्रेनर विल्यम हॅगस यांनी ठरवले. त्यामुळे त्या सहा लेंग्थचा अर्थ काय, विजेता असामान्य होता की दुसरा सामान्य, याचे उत्तर शनिवारीही अर्धेच मिळेल. मैदान ओले राहिले तर मात्र अँशंट विस्डमला विसरून चालणार नाही. त्याचा सर्वांत मोठा विजय चिखलातलाच आहे.

डान्सिंग जेमिनी फ्रेंच गिनीजमध्ये दुसरा आला, पण २,४०० मीटरचा दम त्याने अजून दाखवलेला नाही. बेलम जस्टमने एप्रिलमध्ये एप्समवरच ट्रायल जिंकली, एवढीच त्याची जमेची बाजू.

जास्त लक्ष द्यावे असा घोडा म्हणजे लॉस अँजेलिस. तोही ओब्रायन यांचाच, तीनपैकी तिन्ही शर्यती जिंकलेला, दमाचा पक्का. ओब्रायन यांनी २०२४ च्या डर्बीआधी नऊ वेळा ही शर्यत जिंकली होती आणि त्यात तीन विजय असे होते की मूर तबेल्याच्या दुसऱ्याच घोड्यावर बसले होते. त्यांतले दोन : २०१७ मध्ये ४०/१ चा विंग्ज ऑफ ईगल्स आणि २०२० मध्ये २५/१ चा सर्पेंटाइन. ‘ओब्रायनवर भरवसा’ आणि ‘सिटी ऑफ ट्रॉयवर भरवसा’ या दोन गोष्टी एकच नाहीत, हे ३/१ चा भाव बघताना लक्षात ठेवलेले बरे. तरीही कागदावरची गुणवत्ता पाहिली तर पहिला मान सिटी ऑफ ट्रॉयचाच. बाकी पंधरांपैकी एकानेही ड्यूहर्स्टसारखी धाव घेतलेली नाही.

भारतात शर्यत कधी?

भारतीय वेळेनुसार शनिवारी रात्री ९ च्या सुमारास. त्या संध्याकाळी टीव्हीवर लोकसभेच्या एक्झिट पोलचे आकडे धावत असतील. त्यांचा निकाल कळायला ४ जून उजाडावे लागेल. एप्समचा निकाल मात्र अडीच मिनिटांत लागतो. शर्यत सुरू होण्याआधीची पाच मिनिटेही पाहण्यासारखी असतील : स्टॉल क्रमांक १ मध्ये शिरताना घोडा शांत आहे का, की न्यूमार्केटसारखा पुन्हा घामाघूम होऊन आत जातो.