आळस नव्हे, आजार!



आमची धाकटी भावजय बाळंत झाली आणि चौथ्या दिवसापासून रडू लागली. असे रडू अनेक बाळंतिणींना येते आणि दोन आठवड्यांत ओसरते. हिचे थांबेना. बाळ रडले तरी ती भिंतीकडे तोंड करून पडे. कोणी म्हणाले नाटक, कोणी म्हणाले बाहेरचे. आम्ही शिकलेले, पण "होईल बरी" म्हणत महिना घालवला. अखेर लसीकरणाला गेलो तेव्हा नर्सबाईंनी ओळखले. हे बाळंतपणानंतरचे नैराश्य होते.

नैराश्याची रूपे अनेक आहेत, ती ओळखावीत.

तीव्र नैराश्य : दोन आठवडे, जवळजवळ रोज मन उदास, आवडत्या गोष्टीतही गोडी नाही. झोप उडते किंवा फार वाढते, भूक बदलते, थकवा येतो, "मी घराला भार आहे" असे वाटते. काहींचे नुसते डोके आणि अंग दुखते. पुरुषमाणूस पुष्कळदा रडत नाही, चिडतो, दारू वाढवतो.

रेंगाळणारे नैराश्य : दोन वर्षे किंवा अधिक. माणूस कामावर जातो, पण आनंद नाही. लोक म्हणतात, त्याचा स्वभावच तसा.

दोन टोकांचा आजार : कधी खोल उदासी, तर कधी झोप नसूनही अफाट उत्साह, उधळपट्टी, मोठमोठ्या बाता. हा चढ पूर्वी आला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. फक्त नैराश्याच्या गोळ्यांनी तो पुन्हा उसळू शकतो.

मरणाची भाषा निघाली तर त्या माणसाला एकटे सोडू नका. "जीव द्यावासा वाटतो का?" असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळे होते. लगेच सरकारी रुग्णालयातील मनोविकार विभागात न्या. २०२२ पासून सुरू असलेल्या 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मोफत बोलता येते.

गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. बरे वाटले म्हणून त्या मनाने बंद करू नयेत.

आज भावजय बाळाला कडेवर घेऊन विहारात येते. तो वाया घालवलेला महिना मात्र आम्हाला अजून टोचतो. तुम्ही तो घालवू नका.