१७ सप्टेंबरचा धडा पूर्ण शिकवा

दरवर्षी १७ सप्टेंबरला नांदेड-लातूरच्या शाळांत झेंडावंदन होते, मुक्तिसंग्रामावर भाषणे होतात. ‘रझाकार’ हा शब्द आला की वर्गातल्या मुस्लिम मुलांकडे काही नजरा वळतात. पुढे मैदानावर तोच शब्द चिडवायला वापरला जातो. चार धर्मांचे पोशाख घातलेली मुले स्टेजवर उभी करून हे अंतर मिटत नाही. त्यासाठी हा धडा पूर्ण शिकवावा लागेल.

सुरुवात आपल्यापासून करू. कासीम रझवी लातूरचा वकील. त्याच्या रझाकारांनी गावे लुटली, जाळली, माणसे मारली. हे आडपडदा न ठेवता आपणच सांगितले पाहिजे. साक्ष स्वतःच्या किंवा नातलगांच्या विरोधात जात असली तरी न्यायावर ठाम राहा, असा सूरह निसाचा हुकूम आहे. पण रझाकार म्हणजे सगळे मुसलमान नव्हेत. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात विलीन होण्याची बाजू मांडली, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला. मुक्तिसंग्रामाच्या हुतात्म्यांत त्यांचे नाव किती मुलांना ठाऊक आहे?

पोलीस ॲक्शननंतर काय झाले, हा धड्याचा दुसरा भाग. केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना पाहणीसाठी पाठवले. त्यांच्या अहवालात सर्वाधिक होरपळलेले जिल्हे म्हणून उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड यांची नावे आहेत. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. मृतांचा त्यांचा अंदाज २७ ते ४० हजारांचा. हा अहवाल अनेक दशके सरकारी कपाटात राहिला. त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे: हिंदू विणकरांनी मुस्लिम विणकरांना वाचवताना स्वतःचे जीव गमावले, आणि पळवून नेलेल्या स्त्रियांना परत आणायला अनेक हिंदूंनी मदत केली.

ज्या घरात फक्त पहिला भाग सांगितला जातो, तिथे शेजाऱ्याबद्दल संशय वाढतो. ज्या घरात फक्त दुसरा सांगितला जातो, तिथे भीती वाढते. दोन्ही भाग एकाच वर्गात, एकाच शिक्षकाकडून ऐकले तर मुलांना कळेल की जुलूम करणारे दोन्हीकडे होते आणि जीव वाचवणारेही होते.

‘जुन्या जखमा कशाला उकरता?’ असे काही जण विचारतील. व्हॉट्सॲपने त्या केव्हाच उकरल्या आहेत. शिक्षक गप्प बसले तर मुले फॉरवर्डवरूनच शिकणार. मी इंजिनिअर, आकडेमोडीतला माणूस. ‘लातूर पॅटर्न’ने मराठवाड्याला डॉक्टर-इंजिनिअर दिले, याचा अभिमान आहेच. पण दोन वर्षे एकाच बाकावर बसून फिजिक्स सोडवणारी मुले एकमेकांच्या घरचा १९४८ विचारत नाहीत. त्याला मार्क नसतात.

नांदेडच्या विद्यापीठाला स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव आहे. ते मुळात शिक्षक; हिप्परगा आणि अंबाजोगाईच्या शाळांत त्यांनी शिकवले. विद्यापीठाची स्थापनाही १७ सप्टेंबर १९९४ची. असा अभ्यास तिथून सुरू व्हावा, ही मागणी आपण लेखी करू या.

तोपर्यंत आपल्या हातात मोबाइल आहे. तेव्हा दहा वर्षांची असलेली माणसे आज पंच्याऐंशी ओलांडून गेली आहेत. एका हिंदू मित्राला सोबत घ्या. आधी त्याच्या आजीचे ऐका, मग आपल्या दादी-नानीचे. दोन्ही मराठीत नोंदवा आणि गावातल्या शाळेला द्या. उशीर केला तर सांगणारे कोणी उरणार नाही.